विचारा की ताईंना: किडनीच्या दवाखान्यातली नोकरी

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की पीयूसी, म्हणजे बारावी, झालेल्या पोरापोरींनी नर्सिंग आणि लॅबच्या पलीकडं डायलिसिसकडंपण, म्हणजे किडनी बंद पडलेल्या पेशंटचं रक्त मशीननं शुद्ध करायच्या कामाकडं, जरा बघावं. मग काय, पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, एकाने तर खडेबाजारात गाठून विचारलं, हातात कोथिंबीर आणि मी उभी करिअर गाईडन्स करत. सगळ्यांना उत्तर द्यायला पानं पुरणार नाहीत म्हणून नऊ प्रश्न घेतलेत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. नर्सिंग करून मुंबईत डायलिसिसला लागले, लग्न होऊन बेळगावला आले आणि रिटायर होईपर्यंत त्याच मशीनच्या आवाजात राहिले, अजून रात्री कुठं बीप वाजलं की दचकून उठते. तेवढ्या अनुभवावर जे सांगता येतंय ते सांगते.

ताई, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पीयूसी सायन्स झाली पण नीटला (डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला) मार्क कमी पडले. डायलिसिसचा डिप्लोमा करू की बीएस्सी? बाबा म्हणायलेत हे मशीन ऑपरेटरचं काम, त्यात काय शिकायचं. एका क्लासवाल्यानं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट सांगितलंय, फी कमी आहे.

पोरी, आधी त्या क्लासवाल्याला नमस्कार कर आणि घरी ये. 2021 साली केंद्राचा कायदा आलाय, अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, त्याच्या यादीत डायलिसिस थेरपी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव स्पष्ट आहे. त्यात लिहिलंय की डिप्लोमा असो की डिग्री, किमान 2000 तासांचं शिक्षण पाहिजे, आणि वरच्या दर्जाच्या हेल्थकेअर प्रोफेशनलला 3600 तासांची डिग्री. सहा महिन्यांत 2000 तास कुठनं बसवणार तो? रविवारसकट रोज 11 तास शिकवलं तरच. आज कुणी त्या कागदावर कामाला घेईलही, पण उद्या रजिस्ट्रेशन विचारलं की अडकशील.

कर्नाटकात दोन वाटा आहेत. पॅरामेडिकल बोर्डाचा डायलिसिस टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, आणि बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीएस्सी रीनल डायलिसिस टेक्नॉलॉजी, इंटर्नशिप धरून चार वर्षं, त्याला पीयूसीला फिजिक्स केमिस्ट्री बायॉलॉजी लागतं ते तुझ्याकडं आहेच. घरची परिस्थिती फार ओढाताणीची नसेल तर बीएस्सीच कर. डिप्लोमावाले कामात कमी असतात असं अजिबात नाही, माझ्या हाताखालचा सगळ्यात पक्का टेक्निशियन डिप्लोमावालाच होता, पण रेल्वे असो, शिकवायची नोकरी असो, परदेश असो, पुढं दार उघडायला डिग्री विचारतात. कॉलेज बघायला जाशील तेव्हा बिल्डिंग बघू नको, तिथं रोज किती पेशंट डायलिसिसला येतात आणि स्टुडंटला मशीनला हात लावू देतात का ते विचार, आणि विचारायचं तर ऑफिसात नको, सिनियर पोरांना विचार.

आता बाबांचा मुद्दा. त्यांना हे वाचून दाखव. 1943 साली, लढाई चालू असताना, हॉलंडमधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरनं सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळून पहिलं चालणारं डायलिसिस मशीन केलं. सुरुवातीचे पंधरा-सोळा पेशंट गेले, 1945 ला एक म्हातारी वाचली. पण तेव्हाचं डायलिसिस म्हणजे तात्पुरतं, दरवेळी नवीन रक्तवाहिनी कापायची, वाहिन्या संपल्या की उपचार संपला. 1960 ला सिएटलमध्ये स्क्रिबनर या डॉक्टरनं हातातच कायमची नळी बसवली आणि क्लाइड शील्ड्स नावाचा कारखान्यातला एक कामगार त्यानंतर 11 वर्षं जगला. पेशंट परत परत यायला लागला तिथनं आपली नोकरी सुरू झाली, त्याआधी डायलिसिस टेक्निशियन नावाचा वेगळा माणूस ठेवायची गरजच नव्हती. ऑपरेशनचा पेशंट एकदा भेटतो, आपला पेशंट आठवड्यातून दोनदा तीनदा, चार-चार तास, वर्षानुवर्षं. त्याच्या मुलीचं लग्न कधी, म्हैस कधी व्याली, कुठल्या सणाला तो जास्त पाणी पिऊन येणार, सगळं तुला माहीत होतं. हे आवडणार असेल तर ये, तीच तीच तोंडं बघून कंटाळणारी असशील तर एक्सरे टेक्निशियन हो, त्यातपण काही वाईट नाही.

आणि मशीन म्हणशील तर मशीनच्या आधी पाणी आहे. मिनिटाला 500 मिली या हिशोबानं चार तासांत 120 लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारनं जातं, मध्ये फक्त एक पातळ जाळी. आपण पितो त्या पाण्यातलं आधी आतडं गाळतं, इथं तसं कुणी नाही. म्हणून आरओ प्लांट, कार्बनची टाकी, रोज सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी क्लोरीनची टेस्ट. 1996 ला ब्राझीलच्या कारुआरू गावात डायलिसिस सेंटरला धरणाचं नीट न शुद्ध केलेलं पाणी टँकरनं आलं, त्यात शेवाळाचं विष होतं, पन्नासच्या वर पेशंट गेले. आमच्याकडं एका उन्हाळ्यात राकसकोप धरणाचं पाणी खाली गेलं आणि टँकर सुरू झाले, तेव्हा एका सकाळी टेस्टचा रंग बदलला. मी पहिली शिफ्ट थांबवली. पेशंट चिडले, नातेवाईक अंगावर आले, वरचे साहेब म्हणाले एवढ्याशा रंगावरनं काय थांबवताय. दीड तास गेला कार्बनची टाकी धुवायला. त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून कुणी थँक्यूपण म्हणालं नाही. बाबांना विचार, ऑपरेटरला हे शिकवतात का.

जाता जाता, खानापूर-बेळगाव रोजची ये-जा करणार असशील तर 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे, तेवढाच खर्च वाचला. गर्दीत उभं राहायची तयारी ठेव.

मी निपाणीचा. डायलिसिसचा डिप्लोमा झालाय पण कन्नड बोलायला येत नाही, समजतं थोडं. इंटरव्ह्यूला तेच विचारतात. कोल्हापूरला जाऊ की गोव्याला?

जा की, कोल्हापूर काय लांब आहे, पण कन्नड येत नाही म्हणून जाऊ नको. मला माहीत आहे आपल्याकडं हा विषय निघाला की जेवणाच्या ताटावरपण भांडण लागतं. मी स्वतः 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललेली बाई आहे. पण सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागायचा तेव्हा लागेल, डायलिसिसच्या खुर्चीवरच्या पेशंटचं बीपी पडलंय ते तारखेसाठी थांबत नाही.

बैलहोंगल, सौंदत्तीकडनं येणाऱ्या आज्जीला फक्त कन्नड येतं, खानापूरच्या आजोबांना फक्त मराठी, शहरातल्या चाचांना उर्दू. चार तासांत गडबड व्हायच्या आधी पेशंट काहीतरी बोलतो, जीव घाबरा होतोय, डोळ्यापुढं अंधारी आली, पायात गोळा आलाय. हे त्याच्या भाषेत ज्याला कळतं तो दोन मिनिटं आधी मशीनकडं धावतो आणि ती दोन मिनिटं फार महत्त्वाची असतात. मला मुंबईहून आल्यावर ओ की ठो येत नव्हतं. एका कन्नड आयानं शिकवलं, रोज दोन वाक्यं, मी तिला मराठी आरत्या शिकवल्या. "नीर एष्ट कुडदीरी", म्हणजे पाणी किती प्यालात, हे मी शिकलेलं पहिलं वाक्य, आणि त्याला सगळे पेशंट सगळ्या भाषांमध्ये खोटंच सांगतात. किडनी बंद असली की प्यालेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून वजनकाटा खरं सांगतो.

सहा महिने रोज बोल, चुकलं तर हसतील, हसू दे. सरकारी भरतीला कन्नडचा पेपर पास व्हावा लागतो तो वेगळा, त्याला लिहायला वाचायला लागेल. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येणारा टेक्निशियन आपल्या भागातल्या कुठल्याही सेंटरला सोन्यासारखा, हे इंटरव्ह्यूत स्वतःहून सांगायचं असतं.

चार वर्षं झाली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, पण कंत्राटी. पगार कधी दोन महिने उशिरा, कधी तीन. काम बंद केलं तर पेशंट मरतील म्हणून आम्ही गप्प. एक एजंट गल्फला पाठवतो म्हणतोय, दीड लाख मागतोय. काय करू?

तुझं पत्र दोनदा वाचलं. असली पत्रं तीन आली, तुझं सगळ्यात सभ्य होतं.

हे असं का होतं ते आधी समजून घे. 2016 च्या बजेटमध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. गरिबाला जवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट डायलिसिस, योजना चांगलीच आहे, त्याआधी आपल्या भागातले पेशंट दागिने विकून बेळगाव-मिरजला खेपा घालायचे. पण ती चालवायची पद्धत अशी की जागा, वीज, पाणी सरकारी दवाखान्याचं आणि मशीन, आरओ, माणसं खाजगी एजन्सीची. म्हणजे तू उभा सरकारी दवाखान्यात, पण तुझा मालक तो नव्हे. सरकारकडनं एजन्सीचं बिल अडकलं की पहिली कात्री तुझ्या पगाराला. पेशंटला वाटतं तू सरकारी नोकर आहेस, सोसायटीवालापण त्याच हिशोबानं हप्ता मागतो.

तर कागद गोळा कर. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट. पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडून बघ, पगारातनं कापलेले पैसे खरंच भरलेत का, कितीतरी जणांनी चार चार वर्षं ते उघडूनच बघितलेलं नसतं. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, विचार. टेंडर बदलायच्या आधी जुन्या एजन्सीकडनं अनुभवाचं पत्र घे, तारखांसकट, कारण टेंडर गेलं की त्यांचं ऑफिस शोधून सापडत नाही, हे मी माझ्या मावसभावाच्या बाबतीत बघितलंय, त्याची तीन वर्षं कागदावर उरलीच नाहीत. तक्रार एकट्यानं करू नको, सगळ्या टेक्निशियननी मिळून लेखी, कामगार खात्यात आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं. काम बंद करायचा निर्णय मी तुला सांगू शकत नाही. तुझी भीती खरी आहे, डायलिसिस चुकलं तर पोटॅशियम चढून माणूस जातो. पण पेशंटच्या जिवाची काळजी फक्त 15 हजारवाल्यानंच करायची आणि बिल अडकवणाऱ्यानं नाही, हे मला पटत नाही, आणि तुम्ही तारीख देऊन आधी लेखी कळवलं तर त्यात बेजबाबदार काही नाही.

आता एजंट. परराष्ट्र खात्याकडं नोंदलेल्या रिक्रूटिंग एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त फी घ्यायची परवानगीच नाही. दीड लाख म्हटलं तिथंच कळलं. ई-मायग्रेट नावाच्या सरकारी साइटवर त्याचा नंबर शोध, नसेल तर चहा पाजून वाटेला लाव. गल्फचा रस्ता आहे, आपल्याकडची पोरं गेलीत, पण तिथं कागदपत्रांची तपासणी होते, त्या देशाची लायसन्सची परीक्षा असते, आणि बऱ्याच ठिकाणी डिग्री मागतात, त्यामुळं डिप्लोमावर जाऊन तिथं हेल्परचं काम करत बसलेलेपण मला माहीत आहेत.

त्यापेक्षा रेल्वे बघ. पॅरामेडिकल भरतीत डायलिसिस टेक्निशियन अशी वेगळी पोस्ट असते, 2024 च्या जाहिरातीत मूळ पगार 35,400 होता. बीएस्सी पाहिजे, आणि सोबत हिमोडायलिसिसचा डिप्लोमा किंवा दोन वर्षांचा अनुभव. जागा अख्ख्या देशात थोड्या असतात, मान्य, पण अर्ज करणारे सगळे खरंच परीक्षेला बसत नाहीत. तुझ्याकडं नुसता डिप्लोमा असेल तर बीएस्सीचं मनावर घे.

माझी मुलगी डायलिसिसला लागायचं म्हणतेय. रोज रक्ताशी खेळ, कावीळ, एड्स काय काय ऐकायला येतं. उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील. — अनगोळहून एक आई

वहिनी, काळजी बरोबर आहे, माहिती अर्धी आहे. डायलिसिसमध्ये खरी भीती हिपॅटायटिस बी आणि सी ची. बी ला लस आहे, तीन डोस, पहिला, मग एक महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात. कामाला लागायच्या आधीच पूर्ण करायची, आणि नंतर रक्त तपासून लस लागू पडली का ते बघायचं, हे शेवटचं फार जण विसरतात. सी ला लस नाही पण आता बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो, माझ्या वेळी तसं नव्हतं, माझी एक मैत्रीण वर्षभर इंजेक्शनं घेऊन हाडाचा सापळा झाली होती. बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं ठेवतात. ग्लोव्हज दर पेशंटला बदलायचे, सुईला टोपण परत लावायचं नाही, तोंडावर शील्ड लावायची. सुई टोचली तर लपवायचं नाही, त्याच तासात सांगायचं.

मुलीला विचारायला सांगा की सेंटर लसीचे पैसे देतं का आणि ग्लोव्हज मोजून देतं का. ग्लोव्हज मोजून देणाऱ्या ठिकाणी पाठवू नका.

लग्नाचं म्हणाल तर, मला विचारलं होतं. सासूबाईंनी. पुढं त्यांना स्वतःला किडनीचा त्रास निघाला तेव्हा सगळ्या भावकीला सांगत फिरल्या की आमची सून त्यातलीच आहे.

मी स्टाफ नर्स, वय 38, जनरल वॉर्डातनं डायलिसिसला बदली झाली. फिस्टुलाला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशननं जोडून केलेल्या वाहिनीला) सुई घालताना हात थरथरतो. वीस वर्षांच्या पोरी माझ्यापेक्षा भारी करतात. लाज वाटते.

थरथर हातात असू दे की, फिस्टुलातपण असते. मस्करी केली, पण शिकायचं तिथनंच. सुई घ्यायच्या आधी तीन बोटं ठेवून ती थरथर, आपण थ्रिल म्हणतो ती, शोधायची, स्टेथोस्कोप लावून सूं-सूं आवाज ऐकायचा, मग ती शीर दोरीसारखी कुठनं कुठं जाते ते बोटानं गिरवायचं. रोज त्याच ठिकाणी टोचू नका, तिथं फुगा येतो, शिडीच्या पायऱ्यांसारखं जरा वर जरा खाली सरकत जायचं. त्या हातावर बीपी नाही, सलाईन नाही. पहिले दोन महिने जुने, जाड फिस्टुलावाले पेशंट मागून घ्या, नवीन फिस्टुला सिनियरला द्या, यात कमीपणा नाही. आणि पेशंटला विचारा, त्याला स्वतःचा हात तुमच्यापेक्षा माहीत असतो, "सिस्टर, इथं नको, जरा अंगठ्याकडं" असं सांगणारे माझे मास्तर होते.

हा फिस्टुला 1966 साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांनी जगापुढं आणला, त्यातले चिमिनो शिकत असताना पोटासाठी दवाखान्यात रक्त काढायचं काम करायचे, त्यामुळं शिरा त्यांना पुस्तकाआधी बोटांना कळल्या होत्या. वीस वर्षांच्या पोरींना सुई येते. वॉर्डात पंधरा वर्षं काढलेल्या बाईला पेशंटचा चेहरा बघून तो आता कोसळणार हे कळतं, ते त्यांना अजून यायचंय.

एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची पदव्युत्तर पदवी) झालंय, सायन्स नाही. किडनीच्या क्षेत्रात मला काही जागा आहे का?

आहे, आणि लोकांना माहीतच नाही. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा, 2011 ला त्यात बदल झाला आणि प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलला ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ठेवणं सक्तीचं झालं. त्याला डॉक्टर किंवा नर्सच पाहिजे असं नाही, पदवीधर चालतो, सोशल वर्क केलेला असेल तर पसंती. आपल्या बेळगावात केएलईच्या हॉस्पिटलात किडनी ट्रान्सप्लांट होतात. काम काय, तर देणारा-घेणारा दोघांच्या तपासण्या, नात्याचे पुरावे, कमिटीपुढच्या फायली. आणि ब्रेनडेड पेशंटच्या घरच्यांशी बोलणं, जे जगातलं सगळ्यात अवघड बोलणं असावं. पोरगं व्हेंटिलेटरवर आहे, छाती वरखाली होतेय आणि तुम्ही त्याच्या आईला त्याच्या किडन्यांबद्दल विचारताय. ते तिच्या भाषेतच विचारावं लागतं. कर्नाटकात हे अवयववाटप जीवसार्थकते ही संस्था बघते, पलीकडं कोल्हापूरचं पुण्यातनं चालतं. सीमेवरच्या पेशंटला नाव कुठं नोंदवायचं हेच कळत नाही, ते समजावून सांगणारा माणूस पाहिजे.

दुसरी जागा आरोग्यमित्राची. योजनेच्या कार्डाचं काम. इकडं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, आणि 2023 ला महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या 865 सीमावर्ती गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरनं दोन्ही सरकारांत वाजलंपण. पगार फार नाही. पण दोन्हीकडचे कागद कळणारा माणूस पेशंटसाठी डॉक्टरच्या खालोखाल.

मी नववीत आहे. नंदगडला राहतो. आजोबांचं डायलिसिस चालू आहे. मला किडनीचा डॉक्टर व्हायचंय, किती वर्षं लागतात?

बाळ, एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच, मग एमडी मेडिसिन तीन, मग डीएम नेफ्रॉलॉजी तीन, झाली साडेअकरा, आणि मधल्या तीन नीट परीक्षा वेगळ्याच. घाबरू नकोस, एवढी वर्षं तशीही जाणारच आहेत. एक गोष्ट आत्तापासून लक्षात ठेव. नीट मराठीतनं देता येते असं सगळे सांगतात पण मराठी पेपर महाराष्ट्रातल्या सेंटरला मिळतो, कर्नाटकातल्या सेंटरला इंग्लिश, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. बेळगावात बसून मराठी टिक करायला गेलास तर नाव सापडायचं नाही. म्हणून सायन्सचे इंग्लिश शब्द आत्तापासून मराठी पुस्तकाच्या कडेला लिहीत जा. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, गाव 865 च्या यादीत आहे का ते ग्रामपंचायतीत विचारून ठेव. आजोबांना नमस्कार सांग, आणि त्यांच्या फिस्टुलाच्या हातावर डोकं ठेवून झोपू नकोस.

होम सायन्स करतेय. डायलिसिसच्या पेशंटला डायटिशियनची खरंच गरज असते की नुसता बोर्ड?

बऱ्याच ठिकाणी नुसता बोर्डच, म्हणून तुझ्यासारखीला जागा आहे. छापील चार्टवर ब्रोकोली आणि ऑलिव्ह ऑइल लिहून येडूरच्या शेतकऱ्याच्या हातात देतात, तो घडी घालून खिशात ठेवतो आणि घरी जाऊन रताळं खातो. आपल्याकडं रताळी, शहाळं, केळी, सगळं पोटॅशियमनं भरलेलं, कमरख (स्टारफ्रूट) तर किडनीवाल्याला विषच. लो सोडियम मीठ म्हणून विकतात त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं, हे सांगणारं कुणी नाही. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी, हे दाखवायला पाहिजे, लिहून भागत नाही. आणि उलट, भीतीनं डाळ-अंडं सगळं बंद करून वाळून गेलेले पेशंटपण मी बघितलेत, डायलिसिस सुरू झाल्यावर प्रोटीन जास्त लागतं. एमएस्सी कर आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डायटिशियनची परीक्षा दे.

सगळं ठीक आहे, पण सुट्ट्या मिळतात का? गणपतीला तरी?

हा प्रश्न वडगावच्या पोराचा, मंडळाचा कार्यकर्ता दिसतोय. खरं सांगते, कमी मिळतात. बँक बंद ठेवता येते, किडनी नाही. दोन डायलिसिसमध्ये एक दिवस जास्त गेला तरी पाणी फुप्फुसात चढतं, सोमवारी सकाळी इमर्जन्सीत येणारे बरेचसे त्यातले. दिवाळी, ईद, बंद, कर्फ्यू, कोरोनाचा लॉकडाऊन, आम्ही सगळ्यात गेलोय.

विसर्जनाची तर वेगळीच कसरत. आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत कपिलेश्वरच्या तलावाकडं सरकत असते, मधले सगळे रस्ते बंद, पेशंट येणार कसे. म्हणून आम्ही चार दिवस आधीच वेळापत्रक हलवायचो, लांबच्यांना आदल्या दिवशी बोलवायचं, गावातल्यांना पहाटे चारच्या शिफ्टला. पहाटेची शिफ्ट आठ-साडेआठला सुटायची, मशीन धुऊन, आरओ बंद करून दहापर्यंत घरी. झोप काढायची आणि संध्याकाळी ढोलाला हजर. तुझी शिफ्ट पहाटेची मागून घे, पण आदल्या रात्री मंडपात जागू नकोस.